टूलबारमधली उणे सोळा

दुसऱ्याने लिहिलेल्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड हातात आला की मी एक चाळा करतो. आधी टूलबारची लेआउट फाइल उघडतो आणि तिच्यात कुठे वजाचं चिन्ह दिसतंय का ते बघतो. डावीकडची मार्जिन: उणे सोळा डीपी. बऱ्याचदा सापडतंच. वर एखादी कॉमेंट असते, 'ही ओळ काढू नये, डिझाइन बिघडतं'. लिहिणारा केव्हाच नोकरी बदलून गेलेला असतो आणि मागे उरलेली मंडळी त्या ओळीला वडाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडासारखं वागवतात. नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. कोणी बसवला, कशासाठी बसवला, विचारायचं नाही.

आता मी काही फार सोवळा आहे अशातला भाग नाही. त्यातले दोन-तीन दगड मीच बसवलेत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने हाच दगड पुन्हा बसवला. त्याला टूलबारमध्ये कंपनीचा लोगो अगदी डाव्या कडेला चिकटवायचा होता, मध्ये एक फट राहत होती, तासभर झटून झाल्यावर त्याने नेटवर उत्तर शोधलं, उणे सोळा टाकलं, फट गेली. "झालं की!" म्हणून खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. दिसायला तर झालेलंच होतं. पण मला काही 'हो' म्हणवेना. का म्हणवेना, ते सांगायला हा शनिवार.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: टूलबार म्हणजे अ‍ॅपच्या डोक्यावरची पट्टी. डावीकडे मागे जायचा बाण, मग शीर्षक, उजवीकडे एक-दोन चित्रं. एवढंच. यात बिघडण्यासारखं काय असणार असं वाटतं. आणि तरी माझ्या अंदाजाने या धंद्यातल्या माणसांनी आयुष्यातले जितके तास या पट्टीवर घालवलेत तितक्यात एखादी भाषा शिकून झाली असती.

थोडा इतिहास. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० बरोबर अ‍ॅक्शन बार आला. ती पट्टी खिडकीच्या चौकटीचाच भाग होती, तिच्यात फार ढवळाढवळ करायची सोय नव्हती. २०१४ मध्ये लॉलिपॉपबरोबर टूलबार आला. हा मात्र एक व्ह्यू. लेआउटमध्ये हवा तिथे ठेवा, पोटात हवं ते घाला. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर माणसाला जसा भिंती पाडायचा जोर चढतो तसं आमचं झालं. फक्त सोसायटीचे नियम कोणी वाचले नाहीत.

नियम असा. टूलबार सुरुवातीच्या कडेला १६ डीपी जागा स्वतःकडे राखून ठेवतो. तिचं नाव 'कंटेंट इन्सेट स्टार्ट'. ही पॅडिंग नव्हे आणि मार्जिनही नव्हे, तिसरीच चीज आहे. म्हणून पॅडिंग शून्य करा, मार्जिन शून्य करा, फट तशीच. ती ठेवण्यामागे विचार आहे. खालच्या मजकुराचा समासही साधारण १६ डीपीचा असतो, शीर्षक त्याच रेषेत सुरू व्हावं एवढीच माफक अपेक्षा. लोगो कडेला न्यायचा असेल तर हा इन्सेट शून्य करायचा, एका ओळीचं काम. आणि ते करताना 'अँड्रॉइड' हा उपसर्ग लावला तर सपोर्ट लायब्ररीचा टूलबार ढिम्म हलत नाही, त्याला 'अ‍ॅप' हाच उपसर्ग लागतो. आमच्या या नव्या मुलाचा तासभर गेला तो इथेच. त्याने बरोबर ओळ लिहिली होती, उपसर्ग चुकला, काहीच हललं नाही, म्हणून त्याला वाटलं की रोग दुसरा आहे.

बाण असेल तर आणखी एक इन्सेट लागू होतो. तो २०१६ मध्ये सपोर्ट लायब्ररीच्या २४ व्या आवृत्तीत आला, मूळ किंमत ७२ डीपी. तेव्हा लायब्ररी बदलून अ‍ॅप पुन्हा बांधलं आणि बाण-शीर्षकातलं अंतर आपोआप वाढलं, अशी बोंब पुष्कळांनी ठोकली होती. गंमत म्हणजे ही बेरीज नसते. बाणाची रुंदी ५६, इन्सेट ७२, दोन्हींत जे मोठं तिथून शीर्षक सुरू. इन्सेट शून्य केला तर ५६ पासून. हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा कधी तुक्का मारावा लागत नाही.

मग उणे सोळाने काय बिघडतं? टूलबार आतल्या व्ह्यूच्या उणे मार्जिनला जुमानत नाही, म्हणून लोक अख्ख्या टूलबारलाच सोळा डीपी डावीकडे ओढतात. ज्या स्क्रीनवर फक्त लोगो आहे तिथे सगळं छान. पुढच्या महिन्यात कोणीतरी त्याच टूलबारमध्ये बाण घालतो. बाणाच्या ५६ डीपीतले १६ पडद्याबाहेर गेलेले, चित्र कडेला येऊन टेकलेलं. वर हल्लीच्या फोनचं कव्हर कडेवर चढतं, अंगठा नीट बसत नाही. मग तो बाणाला उजवीकडे ढकलायला अधिक सोळा देतो. त्याने शीर्षक सरकतं, म्हणून शीर्षकाला उणे आठ... पुढचं तुम्हाला माहीत आहे. आणि अ‍ॅप उर्दूत आणायची वेळ आली की राखीव जागा इमानदारीत उजवीकडे जाते, आपण मात्र अजून डावीकडे ओढतोय.

आयफोनवाल्यांनी यावर हसू नये. त्यांच्याकडे बटण कडेला सरकवायला उणे रुंदीचा एक अदृश्य ठोकळा आधी ठेवायची युक्ती वर्षानुवर्षं चालायची. २०१७ मध्ये आयओएस ११ ने त्या पट्टीची आतली मांडणीच बदलली आणि ती युक्ती एका सप्टेंबरात गेली. ज्यांनी वापरली होती ते नव्या आवृत्तीचं कौतुक सोडून बटणं मोजत बसले होते.

इथवर सगळं तांत्रिक. फट, बाण, दोन-चार डीपी. पण माझी खरी चूक यातली नव्हती. मी उणे काहीच वापरलं नव्हतं, सगळं नियमाने केलं होतं, आणि तरी एका माणसाला चोर ठरायची वेळ आणली होती.

आम्ही एका पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करायचं अ‍ॅप केलं होतं. पिग्मी म्हणजे रोजची बचत. एजंट संध्याकाळी बाजारपेठेत फिरतो, प्रत्येक दुकानदाराकडून शंभर-दोनशे रुपये घेतो, खात्यावर चढवतो. अ‍ॅपमध्ये खातेदारांची यादी, नावावर टिचकी मारली की पुढची स्क्रीन, तिथे रक्कम टाकायची, 'जमा' दाबायचं. कोणाचं खातं उघडलंय हे त्या दुसऱ्या स्क्रीनच्या टूलबारमध्ये लिहिलेलं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, या क्रमाने. संस्थेच्या जुन्या वह्यांत तसंच होतं.

डिझायनरने तिकीट टाकलं: नाव पडद्याच्या मध्यावर नाही, २० डीपी डावीकडे आहे. मोजलं, तर खरंच. फोन ३६० डीपी रुंद. डावीकडे बाणाचे ५६, उजवीकडे दोन चित्रांचे प्रत्येकी ४८ म्हणजे ९६. उरले २०८. नाव त्या २०८ च्या मध्यावर होतं, म्हणजे डावीकडून १६० वर. पडद्याचा मध्य १८० वर. दोन्ही बाजूंचा भार सारखा नसल्याने नाव त्या भोकात मध्यावर असूनही पडद्याच्या मध्यावर नव्हतं. टूलबारमध्ये मध्यावर काही ठेवायचं म्हटलं की निम्मी भांडणं याचीच असतात.

मी उपाय केला. उजवीकडे ९६ जातात ना, मग डावीकडेही ९६ राखून ठेवू. ३६० मधून १९२ गेले, उरले १६८. नाव बरोब्बर मध्यावर. आमच्या टेबलावरच्या सगळ्या फोनवर लांबातलं लांब नाव कसंबसं का होईना मावत होतं. तिकीट बंद. डिझायनरने अंगठा दाखवला, मीही खूश. आज ते चित्र पुन्हा काढून बघितलं तरी सुबकच दिसतं, त्यात वाद नाही.

पतसंस्थेचे एक एजंट होते, साठीला टेकलेले, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. त्यांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी केलेली, १.३ पट. आमच्या टेबलावरच्या एकाही फोनमध्ये अक्षरं मोठी केलेली नव्हती, कारण आमची वयं. त्या बाजारपेठेत एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन दुकानदार होते, फक्त वडिलांचं नाव वेगळं. समजा, दोघेही जाधव संतोष, पुढे एकाचे वडील ज्ञानेश्वर आणि एकाचे दत्तात्रय. यादीत दोघं एकाखाली एक. चालता चालता टिचकी मारताना बोट एका ओळीने चुकणं काही अवघड नाही. चुकलं तर पुढच्या स्क्रीनवरचं नाव बघून कळावं, त्यासाठीच तर ते नाव तिथे होतं.

काकांच्या फोनवर दोघांच्याही टूलबारमध्ये एकच दिसायचं. जाधव संतोष आणि तीन टिंबं. अगदी मध्यावर.

जुन्या २०८ डीपीत निदान वडिलांच्या नावाची पहिली दोन अक्षरं तरी दिसली असती. ते ४० डीपी मी काढून घेतले होते, समतोलासाठी.

महिन्याभरात सहा वेळा एकाचे दोनशे दुसऱ्याच्या खात्यावर चढले. एकूण १२०० रुपये. पावती निघायची, तिच्यावर नाव पूर्ण असायचं, पण रोजची पिग्मीची पावती कोण वाचतं? गल्ल्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी ज्याचे पैसे कमी भरले त्याने बोंब मारली, भर बाजारपेठेत. बत्तीस वर्षं त्याच रस्त्यावरून पैसे गोळा करणाऱ्या माणसाला चार दुकानदारांसमोर "काका, पैसे कुठे गेले?" असं विचारलं गेलं. ज्याच्याकडे जास्त जमा झाले होते तो गप्प. त्यालाही माहीत नसेल कदाचित, असू दे. हिशेब जुळवायला संस्थेला चार दिवस लागले. तोवर काकांनी १२०० रुपये खिशातून भरून टाकले होते.

मी तिथे गेलो तेव्हा ते चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या या पट्टीत दोघं जण एकच आहेत हो."

यावर मित्रांशी वाद घातला की ते म्हणतात, ही टेस्टिंगची चूक, टूलबारचा काय दोष? मोठ्या अक्षरांवर तपासायला हवं होतं. हवं होतंच. पण मला वाटतं चूक त्याच्याही आधी झाली. तिकिटात 'नाव मध्यावर नाही' एवढंच होतं, आणि मी तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. हे नाव तिथे कशासाठी आहे, त्यातला कुठला तुकडा कापला गेला तर चालणार नाही, हे मी विचारलं नाही, डिझायनरने विचारलं नाही, आणि टूलबार काय, तो बिचारा जागा संपली की शेवट कापून तीन टिंबं देतो. इंग्रजी शीर्षकात शेवट कापलेला बहुधा चालतो. आपल्याकडे माणूस ओळखायचा तर बऱ्याचदा शेवटच लागतो. पट्टी उणे सोळाने हलवली काय किंवा नियमाने हलवली काय, जागा कोणाकडून काढून कोणाला देतोय हे बघितलं नाही तर दोन्ही सारखंच.

उंचीचीही तीच गोष्ट. टूलबारची उंची फोनवर ५६ डीपी, आडवा धरला तर ४८. हे आकडे थेट लिहून टाकायची आपल्याला सवय. त्यात डिझायनरच्या चित्राशी जुळावं म्हणून अक्षरांच्या वरखालची राखीव जागा बंद करायची एक सोय असते, 'इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग', ती आपण शून्य विचार करून बंद करतो. इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत आपला अर्धा संसार शिरोरेघेच्या वर आणि उरलेला अक्षराच्या पायाशी. एका अ‍ॅपमध्ये 'ठेवींची यादी' या शीर्षकाचं डोकं उडालेलं मी बघितलंय. 'ठवाचा याद' असं काहीतरी वाचता येत होतं. टीममधल्या सहा मराठी माणसांना ते दोन आठवडे दिसलं नाही, कारण सगळे अ‍ॅप इंग्रजीत ठेवून काम करत होते. (मीही.) अँड्रॉइड १४ ने २०२३ मध्ये अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवायची सोय दिली. मोठी अक्षरं लहान अक्षरांइतकी वाढत नाहीत ही त्यातली शहाणी तडजोड, पण ५६ डीपीच्या डब्यात तीही मावतील असं नाही. उंची 'मजकुराएवढी' ठेवावी आणि ५६ हा किमान आकडा द्यावा.

आणि मग २०२४ चं अँड्रॉइड १५. त्याला लक्ष्य करून बांधलेलं अ‍ॅप आता वरपासून खालपर्यंत अख्खा पडदा व्यापतं, म्हणजे टूलबार थेट घड्याळ आणि बॅटरीच्या खाली जाऊन बसतो. ऑगस्ट २०२५ अखेरीस प्ले स्टोअरने नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना हे लक्ष्य बंधनकारक केलं, तेव्हा जे आजवर टाळत आले होते त्यांनाही पळता भुई थोडी झाली. पुन्हा तोच खेळ: वर २४ डीपी पॅडिंग टाका, भागलं. भागत नाही. पडद्यात कॅमेऱ्याचं भोक असलेल्या फोनवर ती वरची पट्टी २४ पेक्षा उंच असते. आणि ५६ ठाम लिहिलेल्या टूलबारच्या आत २४ पॅडिंग दिली की शीर्षकाला उरतात ३२. मग शीर्षकाचे पाय कापले जातात. वरची जागा किती ते फोनलाच विचारावं, तो इन्सेट्समधून नेमकं सांगतो, आणि ती पॅडिंग टूलबारला न देता त्याला धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या व्ह्यूला द्यावी. तिथे टूलबारच्या स्वतःच्या उंचीला कोणी हात लावत नाही. जेटपॅक कंपोज वापरणाऱ्यांना वाटत असेल की हे जुन्या लोकांचे जुने आजार आहेत, तर त्यांच्याही वरच्या पट्टीची नेहमीची उंची ६४ डीपीच आहे आणि नाव तिथेही कापलं जातं.

मग स्वतःचा टूलबार बनवूच नये का? माझं मत: दहापैकी आठ वेळा नको. शीर्षक मध्यावर हवं असेल तर मटेरियलच्या टूलबारमध्ये त्यासाठी तयार पर्याय आहे. लोगो लावायची सोय आहे, दुसऱ्या ओळीचं उपशीर्षक आहे. गप्पांच्या अ‍ॅपमध्ये फोटो, नाव आणि 'शेवटचं कधी दिसले' हे सगळं पट्टीत लागतं, तिथे स्वतःचा बनवावा, हौसेने बनवावा. पण 'आमचा ब्रँड वेगळा दिसला पाहिजे' हे कारण ऐकलं की मी आता थोडा हट्टीपणा करतो. लोक अ‍ॅप उघडतात ते पैसे भरायला, तिकीट काढायला. त्या पट्टीकडे ते बघतात तेव्हा त्यांना एवढंच हवं असतं की आपण कुठे आहोत, आणि मागे कसं जायचं.

नव्या मुलाला मी एवढं सगळं ऐकवलं नाही, बिचारा घाबरला असता. उणे सोळा काढायला लावलं, उपसर्ग बदलायला लावला आणि फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून, भाषा मराठी करून प्रत्येक स्क्रीन एकदा बघायला सांगितलं. संध्याकाळी तो अकरा ठिकाणांची यादी घेऊन आला. दोन ठिकाणं मीच लिहिलेली होती.

काकांच्या अ‍ॅपचं म्हणाल तर नाव आम्ही टूलबारमधून काढलं. वर फक्त 'जमा' एवढंच. नाव खाली, रकमेच्या चौकटीच्या बरोबर वर, हव्या तितक्या ओळी घेईल असं, आणि त्याखाली खाते क्रमांक. मध्ये एकाने सुचवलं होतं की टिंबं शेवटी न देता मधे देऊ, म्हणजे 'जाधव… दत्तात्रय'. मधला नवरदेव गायब झाल्यासारखं वाटत होतं, सोडून दिलं. काकांना नवी आवृत्ती दाखवली. त्यांनी दोन्ही जाधव एकामागून एक उघडून बघितले, मग तिसरंच एक खातं उघडलं, बहुतेक माझी परीक्षा घ्यायला. "आता कसं," म्हणाले, आणि फोन खिशात टाकून बाजाराच्या दिशेने निघाले.

डिझायनरने तिकीट पुन्हा उघडलंय. 'जमा' हा शब्द २० डीपी डावीकडे आहे म्हणून.